मशीनला ग्रीस, सायकलला देव: कामावर जाणाऱ्या सायकलीची काळजी

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जे दोनदा बोललं गेलं ते काढलंय, बाकी जसंच्या तसं ठेवलंय. ज्यांना ऐकायला वेळ नाही, पण मोबाइलवर वाचायला जमतं, त्यांच्यासाठी.)

आजचा विषय सायकल. पण रविवारी सकाळी चकचकीत कपडे घालून घाट चढणारी सायकल नाही. तिच्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत, आणि चांगलं बोलतात. मी बोलणार आहे ती रोज कामावर जाणारी सायकल. कॅरियरला डबा, हँडलला पिशवी, मडगार्ड वाजतंय, आणि मालकाला एकच चिंता, की पंचिंगची वेळ चुकायला नको.

मी वसई पूर्वेला राहतो आणि सातिवलीत एका गाळ्यात मेंटेनन्सला आहे. ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. वसई रोड स्टेशनवरून पूर्वेला निघालात की गोखिवरे, रेंज ऑफिस, मग सातिवली, वालीव. सगळा औद्योगिक पट्टा. गाळ्याला लागून गाळा, कुठे प्लॅस्टिक मोल्डिंग, कुठे फॅब्रिकेशन, कुठे पॅकिंग. पलीकडे मुंबई–अहमदाबाद हायवे. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी शिफ्ट सुटताना रस्त्याच्या कडेला बघा, सायकलींची रांग असते. शेअर रिक्षाचे रोजचे पैसे वाचतात म्हणून सायकल. शौक म्हणून नाही.

मी पडलो त्याची गोष्ट

माझं काम मशीन चालू ठेवायचं. आमच्याकडे प्रत्येक मशीनला एक कार्ड लटकवलेलं असतं. रोज काय बघायचं, आठवड्याला काय, महिन्याला काय. ग्रीस कधी, ऑइल कधी, बेल्ट कधी बदलला, खाली सही. सही माझी. वीस वर्षं मी ही कार्डं भरतोय. आणि वीस वर्षं ज्या सायकलवर बसून मी ती कार्डं भरायला जातो, तिची काळजी देवावर सोडलेली.

मग ऑगस्टमधली एक रात्र. सेकंड शिफ्ट सुटलेली, अकरा वाजून गेलेले. पाऊस नुकताच थांबला होता, रस्ता ओला. पुढे एक टेम्पो चालला होता, तो अचानक थांबला. मी दोन्ही ब्रेक दाबले. नुसता चर्रर्र आवाज आला. सायकल थांबायचं नावच घेईना. डावीकडे हँडल वळवलं, चाक रस्त्याच्या कडेवरून खाली गेलं आणि मी हातावर पडलो. मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

टेम्पोवाल्याची काही चूक नव्हती, गाडी थांबते कधीकधी. पावसाचीही नव्हती, ऑगस्टमध्ये पाऊस पडणारच.

हात बरा झाल्यावर सायकल नाक्यावरच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने ब्रेक दाबून पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, ब्रेक कुठंय यात? नुसता आवाज आहे." रबर इतके झिजले होते की आतलं लोखंड रिमला घासत होतं. नवे चार रबर घातले. चहा-वडापावच्या हिशोबात बसतील एवढेच पैसे झाले. सहा आठवड्यांच्या पगारासमोर ठेवून बघा.

त्या दिवशी मी घरी येऊन सायकलसाठी एक कार्ड केलं. आजचा भाग म्हणजे ते कार्डच आहे.

रोज निघताना: हवा, ब्रेक, चेन

अर्धं मिनिट लागतं, घड्याळ लावून बघा. टायर अंगठ्याने दाबायचा. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून बघायची, चाक जागचं हलता कामा नये. आणि पायडल एकदा उलटं फिरवायचं, चेन अडखळते का, करकरते का ते ऐकायचं. एवढंच. यातलं काही बिघडलेलं असेल तर त्या दिवशी शेअर रिक्षा, आणि सायकल मिस्त्रीकडे.

बाकीचं सुट्टीच्या दिवशी. दहा ते पंधरा मिनिटं. आता एकेक घेऊ.

हवा, आणि ती दोन रुपयांची रबरी नळी

हवा कमी असली की सायकल जड चालते हे सगळ्यांना कळतं. त्यापेक्षा वाईट म्हणजे खड्ड्यात गेल्यावर ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चेपते आणि तिला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. साप चावल्यासारखी. असं दुहेरी भोक दिसलं तर खिळा शोधत बसू नका. हवा कमी होती, एवढाच त्याचा अर्थ.

किती हवा भरायची हे टायरच्या बाजूवर छापलेलं असतं, पीएसआयमध्ये. आपण ते कधी वाचत नाही. एकदा वाचा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. पेट्रोलपंपावरच्या मशीनने भरत असाल तर जपून. ते मशीन मोटारीसाठी असतं, सायकलची ट्यूब छोटी, क्षणात भरते आणि फुटते. घरी एक हातपंप असलेला बरा. बिल्डिंगमध्ये चौघांनी मिळून घेतला तरी चालतो.

आता साध्या काळ्या सायकलवाल्यांसाठी खास. तुमची हवा रोज रात्री थोडी थोडी उतरते, पंक्चर मात्र सापडत नाही, असं होतं का? मग ट्यूबला हात लावू नका, वॉल्व्ह बघा. आपल्या जुन्या पद्धतीच्या वॉल्व्हमध्ये आत एक पातळ रबरी नळी असते. आपण तिला वॉल ट्यूब म्हणतो. हवा आत जाऊ द्यायची आणि बाहेर येऊ द्यायची नाही, हे सगळं काम ती नळी करते. उन्हाने, वयाने ती चिकट होते किंवा चिरते. वॉल्व्हवर थुंकीचं बोट लावून बघा, बुडबुडा आला की नळी गेली. दोनेक रुपयांचं काम आहे, घरी पाच मिनिटांत होतं. एक इंचभर नळी पाकिटात ठेवा, कधीतरी दुसऱ्याच्याही उपयोगी पडेल.

पंक्चर: कारण काढा, मग ठिगळ लावा

सातिवलीत पंक्चर जास्त होतात याचं कारण आपल्या हातातच आहे. गाळ्यांच्या बाहेर लेथचा कीस पडलेला असतो. लोखंडाचे ते बारीक वळलेले तुकडे. वेल्डिंगच्या रॉडचे तुकडे, स्टेपल, वायरचे टोक. पावसाच्या पाण्याबरोबर ते रस्त्याच्या कडेला वाहून येतात, आणि सायकल तर कडेनेच चालते.

पंक्चर काढताना ठिगळ लावण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा. हळू, कापड गुंडाळून, नाहीतर बोट कापेल. कीस टायरमध्येच अडकलेला असतो. तो न काढता ट्यूब परत घातली की पुढच्या नाक्यावर पुन्हा तेच, आणि आपण शिव्या मिस्त्रीला देतो. ट्यूबवरचं भोक आणि वॉल्व्ह यांच्यातलं अंतर टायरवर मोजलं तर काटा कुठे असेल ते लगेच कळतं.

मग ठिगळ. पाण्यात भोक शोधा, पुसून कोरडं करा, कानसपेपरने घासून खरखरीत करा, सोल्युशन पातळ लावा आणि थांबा. ते ओलं असताना ठिगळ चिकटवायचं नाही. बोटाला चिकटत नाही इतकं सुकलं की मग दाबायचं. घाई इथेच होते आणि ठिगळ इथेच सुटतं.

टायरच्या बाजूला चिरा दिसत असतील, आतला धागा दिसत असेल, किंवा कुठे फुगा आला असेल तर ठिगळाने भागणार नाही. टायर बदलायचा.

ब्रेक

ब्रेकसाठी मी हाड मोडून घेतलंय, तेव्हा इथे थोडा जास्त वेळ घेतो.

पहिली गोष्ट, रबर. नव्या रबरावर खाचा असतात. खाचा दिसेनाशा झाल्या की रबर संपला. संपल्यावरही काही दिवस तो थांबवल्यासारखं करतो, म्हणून आपण फसतो. रबराच्या तोंडात वाळू किंवा धातूचा कण रुतला असेल तर टोचून काढा, नाहीतर तो रिम खातो. रबर रिमवरच टेकला पाहिजे. टायरला घासत असेल तर टायर फाटेल.

दुसरी, वायर. ती तुटते बहुतेक वेळा लिव्हरच्या तोंडाशी, आणि एकदम तुटत नाही. आधी एक-एक तार सुटते. लिव्हर दाबून आत बघा. एक जरी तार बाहेर आलेली दिसली तरी वायर बदला. सळईचे ब्रेक असतील तर सांध्यांचे नट आणि पिना बघा. तिथे थेंबभर तेल चालेल, रिमवर मात्र तेलाचा हात सुद्धा लागता कामा नये.

तिसरी, लिव्हर किती दाबावी लागते. हँडलला टेकेपर्यंत दाबावी लागत असेल तर ब्रेक सैल आहे. निम्म्या वाटेतच पकड यायला हवी.

चौथी गोष्ट पावसाची. आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींना लोखंडी, चकचकीत मुलामा दिलेली रिम असते. ती ओली झाली की रबर तिच्यावरून घसरतो, आणि थांबायला कोरड्यापेक्षा कितीतरी जास्त अंतर लागतं. नवे रबर असले तरी. ॲल्युमिनियमची रिम त्या मानाने बरी. म्हणून पावसात थांबण्याच्या बरंच आधीपासून ब्रेक हलका टेकवत चला. रबर रिमवरचं पाणी पुसून काढतो, मग खरी पकड येते. हे मला आधी माहीत असतं तर त्या टेम्पोच्या मागे मी इतका जवळ चाललोच नसतो.

आणि पुढचा ब्रेक. लहानपणी सांगितलं जातं, पुढचा दाबू नको, उलटा पडशील. त्यामुळे अनेकांनी पुढचा ब्रेक काढूनच टाकलेला असतो. थांबताना वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्येच असते. दोन्ही एकत्र, हळूहळू जोर वाढवत दाबायचे. वळताना किंवा चिखलात, वाळूत असताना पुढचा झटक्याने दाबायचा नाही. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, तरी आपल्या सायकलवर एकदा पाहून घ्या.

चेन, आणि सायकलचे आवाज

चेनला तेल घालण्याआधी ती पुसायची. पुसल्याशिवाय घातलेलं तेल म्हणजे धुळीची चटणी, आणि ती चटणी कानशीसारखी चेन खाते. जुनं फडकं धरून पायडल उलटं फिरवा, काळं निघेल तेवढं काढा. मग प्रत्येक कडीवर एक-एक थेंब, पायडल फिरवा, दहा मिनिटांनी बाहेरचं जादा तेल पुन्हा पुसून टाका. तेल कडीच्या आत हवं, बाहेर नको.

खोबरेल नको, थंडीत ते गोठतं. गंज सोडवायचा जो स्प्रे मिळतो तो गंज सोडवायला चांगला, पण वंगण म्हणून टिकत नाही. शिलाई मशीनचं तेल चालतं, पण पावसात ते लवकर धुऊन जातं, म्हणून पावसाळ्यात दर चार-पाच दिवसांनी हात फिरवावा लागतो. जमलं तर सायकलच्या चेनचंच तेल घ्या, एक बाटली वर्षभर पुरते.

चेन संपली का हे मोजायला पट्टी पुरते. पट्टीचा शून्य एका पिनच्या मध्यावर ठेवा. नव्या चेनमध्ये बारा इंचांवर बरोबर दुसऱ्या पिनचा मध्य येतो. झिजली की चेन लांबते आणि ती पिन पुढे सरकते. अर्धा सूत पुढे गेली की बदलायचा विचार करा. एक सूत गेली की चेन संपली, आणि तिने फ्रीव्हीलचे दातेही खाल्ले असणार. फिटर लोकांना सुताचा हिशोब सांगायला नको.

आता आवाज. मशीन बिघडायच्या आधी बोलते हे आपण कामावर रोज ऐकतो. सायकलही बोलते. पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा "टक" होत असेल तर क्रँकची कॉटर पिन सैल असेल किंवा पायडल. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला घासल्यासारखं होत असेल तर चाक आऊट झालंय, आऊट काढून घ्या आणि सैल आरे बघा. पुढचा ब्रेक दाबून हँडल पुढे-मागे हलवल्यावर खटखट झाली तर हँडलचा सेट सैल आहे. पायडल स्वतः काढणार असाल तर लक्षात ठेवा, डाव्या पायडलचा आटा उलटा असतो. नेहमीच्या पद्धतीने जोर लावाल तर ते आणखी आवळलं जाईल.

पावसाळा आणि साठलेलं पाणी

वसईकरांना पाण्याबद्दल काय सांगायचं? २०१८ च्या जुलैत काय झालं होतं ते सगळ्यांना आठवतंय. तेवढं नाही, तरी दर वर्षी चार-दोन दिवस गुडघाभर पाण्यातून जावं लागतंच.

पहिलं सांगणं, पाण्याखालचा रस्ता दिसत नसेल तर उतरा. सायकल ढकलत न्या, आणि जमलं तर रस्त्याच्या मधून. कडेला गटार असतं, आणि त्याचं झाकण जागेवर असेलच असं नाही. सायकल पुढे असली की खड्डा आधी तिला कळतो.

दुसरं, चाकाचा मधला हब पाण्यात बुडाला असेल तर पाणी छऱ्यांपर्यंत जातं. वरून काही दिसत नाही. दोन-तीन आठवड्यांनी चाक खरखरायला लागतं, तोवर छरे गंजलेले असतात. म्हणून गणपतीच्या आसपास, पावसाचा जोर ओसरला की एकदा ओव्हरऑइलिंग करून घ्या. दोन्ही हब, पायडलमधला एक्सल, हँडलचा सेट. उघडून, धुऊन, नवं ग्रीस. मिस्त्रीला सांगा की तुमच्यासमोर उघडू दे. त्याच्यावर अविश्वास म्हणून नाही, आपल्याला कळावं म्हणून.

तिसरं, छत्री. एका हातात छत्री आणि एका हातात हँडल, म्हणजे एकच ब्रेक आणि वाऱ्याचा झोका. रेनकोट घ्या. पण त्याची टोपी डोळ्यांच्या कडा झाकते, मागे वळून बघितलं की टोपीचं अस्तरच दिसतं. टोपी आत घालून वर कॅप घाला, म्हणजे टोपी मानेबरोबर वळते.

दिवा: मागचा आधी

लोक पुढचा दिवा घेतात, कारण त्याने आपल्याला दिसतं. मागचा दिवा आपल्याला दिसत नाही, म्हणून तो घेतला जात नाही. पण मागून येणाऱ्याला आपण दिसायचं ते त्याच्यामुळेच.

साधा हिशोब करू. मागून ट्रक ताशी ६० किलोमीटरने येतोय, तुम्ही १५ ने जाताय. म्हणजे तो तुमच्याकडे ताशी ४५ ने सरकतोय, सेकंदाला साडेबारा मीटर. काळे कपडे, दिवा नाही, आणि समजा त्याला तुम्ही ३० मीटरवर दिसलात. त्याच्याकडे अडीच सेकंदही नाहीत. लाल दिवा असेल आणि तुम्ही १५० मीटरवर दिसलात तर बारा सेकंद. बारा सेकंदांत थकलेला, झोपाळलेला माणूससुद्धा स्टिअरिंग थोडं उजवीकडे घेतो.

बॅटरीवरचा किंवा चार्जिंगचा, कुठलाही चालेल. पण तो सीटखाली असा लावा की कॅरियरवरच्या डब्याने, रेनकोटने झाकला जाणार नाही. पुढे पांढरा, थोडा खाली झुकवलेला, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत जाणार नाही. पुढचा दिवा खड्ड्यांसाठी तर हवाच, पण आपल्या रस्त्यावर त्याचं आणखी एक काम आहे. रात्री कडेला दिवे बंद करून उभे असलेले कंटेनर. ते पुढच्या दिव्याशिवाय दिसत नाहीत.

परावर्तक पट्टी मडगार्डला लावा, आणि दोन्ही पायडलला किंवा घोट्याला जरूर लावा. पाय वर-खाली होतात, आणि हलणारी चमक डोळ्याला आधी टिपता येते, समोर माणूस आहे हे लगेच कळतं. मात्र पट्टी स्वतः उजेड देत नाही, मागच्याचा दिवा पडला तरच चमकते. म्हणून पट्टी हवी, दिव्याऐवजी नको. फ्लोरोसंट जॅकेटचंही तसंच. त्याचा भडक रंग दिवसा उपयोगी, रात्री त्याच्यावरची चंदेरी पट्टी.

रस्ता

कंटेनर आणि ट्रकच्या डाव्या बाजूला, वळणावर, कधीही घुसू नका. ड्रायव्हर उजवीकडे उंच बसलेला असतो, डावा पुढचा कोपरा त्याला दिसतच नाही. शिवाय लांब गाडी वळताना मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आत कापतात. पुढे भरपूर जागा आहे असं वाटतं, आणि ती जागा बंद होत जाते. नियम सोपा आहे: तुम्हाला आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्याला तुम्ही दिसत नाही. मागे थांबा, तो जाऊ दे.

दुसरं थोडं कडू आहे. हायवेवर उलट्या दिशेने जाणं. मी केलंय. पुढचा कट लांब असतो, पाय दुखत असतात. पण आत्ताचाच हिशोब पुन्हा लावा. एका दिशेने जाताना ६० वजा १५. उलट जाताना ६० अधिक १५, म्हणजे ताशी ७५. आणि रस्त्याला येऊन मिळणारा डावीकडे वळताना उजवीकडे बघतो, तुम्ही डावीकडून येताय हे त्याच्या डोक्यातही नसतं. तेवढं अंतर वाचवायचंच असेल तर उतरा आणि कडेने, रस्ता सोडून, सायकल हातात धरून चाला.

तिसरं, पिशवी. हँडलला लटकवलेली डब्याची पिशवी हेलकावे खात आऱ्यांत जाते, आणि पुढचं चाक एकदम अडकतं. डबा कॅरियरला, रबरी पट्ट्याने. पँटचा उजवा पाय क्लिपने किंवा रबरबँडने बांधा. ओढणी मागे गाठ मारून, आणि मागच्या चाकाला जाळी.

हेल्मेट: कंपनीचं नाही

आपल्यातले काही जण कामावरचं पिवळं सेफ्टी हेल्मेट घालून सायकल चालवतात. निदान डोक्याचा विचार करतात, हे चांगलंच. पण ते हेल्मेट वरून काही पडलं तर त्यासाठी केलेलं असतं. सायकलवरून पडताना डोकं बाजूने किंवा मागून आपटतं, आणि हनुवटीला पट्टा नसेल तर ते हेल्मेट आधीच उडून जातं.

सायकलच्या हेल्मेटची कायद्याने सक्ती नाही, तरी घ्या. आत ईएन १०७८ किंवा सीपीएससी असं लिहिलंय का बघा. महागच हवं असं नाही. भुवईच्या वर दोन बोटं, पट्ट्याखाली एक-दोन बोटं जातील इतकं घट्ट. एकदा जोरात आपटलं की बाहेरून चांगलं दिसलं तरी बदलायचं, आतला फोम दबलेला असतो.

पडलात तर

इथे माझी दुसरी चूक सांगतो. ती ब्रेकपेक्षा महाग पडली.

हात मोडल्यावर मला लाज वाटली. मेंटेनन्सचा माणूस आणि स्वतःच्या सायकलचा ब्रेक नाही, लोक हसतील. म्हणून दवाखान्यात मी सांगितलं, घरात बाथरूममध्ये घसरलो. तेच कागदावर आलं.

माझी ईएसआय कापली जाते. ईएसआयच्या कायद्यात २०१० साली ५१-ई हे कलम आलं. घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात, त्याची वेळ, जागा आणि परिस्थिती कामाशी जोडलेली असेल, तर तो कामातलाच अपघात धरायचा. अशा दुखापतीत घरी बसावं लागलं तर रोजच्या मजुरीच्या साधारण ९० टक्के मिळतात. साध्या आजारपणाला ७० टक्के. बाथरूममध्ये घसरल्याचे मला ७० टक्के मिळाले. उरलेले माझ्या लाजेत गेले.

म्हणून, पडलात तर खरं सांगा. कुठे, किती वाजता, शिफ्टला जाताना की येताना. त्याच दिवशी सुपरवायझरला फोन करा, आणि फोनपेक्षा मेसेज करा, म्हणजे लेखी राहतं. अपघाताचा अहवाल गेला का ते विचारा. जागेचा, सायकलचा फोटो काढा. ज्यांची ईएसआय नाही, ठेकेदारीत आहेत, त्यांनीही हे सगळं करा, नुकसानभरपाई मागताना कागदच उपयोगी पडतो.

आणि दुसरा कोणी पडलेला दिसला तर थांबा. १०८ ला फोन करा, ॲम्ब्युलन्स फुकट येते. मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देतील ही भीती अजून आहे, पण मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने मदतनिसाला संरक्षण दिलंय. नाव सांगायचीही सक्ती करता येत नाही. मी पडलो तेव्हा मागून येणाऱ्या दोघांनी मला उचललं, सायकल एका गाळ्याच्या वॉचमनकडे ठेवली. ते कोण होते ते मला आजही माहीत नाही.

कार्ड

आता लिहून घ्या, किंवा या पानाचा स्क्रीनशॉट काढा.

रोज: हवा, ब्रेक, चेन. रात्रीची शिफ्ट असेल तर दिवा पेटतो का.

आठवड्याला: चेन पुसून तेल. ब्रेकचे रबर आणि वायर. टायरमध्ये रुतलेला कीस काढणं. सगळे नट हाताने हलवून बघणं. दिवा चार्ज.

महिन्याला: पट्टीने चेन मोजणं. चाक आऊट आहे का, आरे सैल आहेत का. हँडल, सीट, क्रँक. सीटची उंची: टाच पायडलवर ठेवून पायडल सगळ्यात खाली, पाय सरळ व्हायला हवा. गुडघे दुखत असतील तर आधी हे बघा.

वर्षाला दोनदा: पाऊस सुरू व्हायच्या आधी आणि ओसरल्यावर ओव्हरऑइलिंग.

एकदाच: सायकलचा फ्रेम नंबर शोधा, सीटच्या नळीवर किंवा पायडलच्या एक्सलखाली कोरलेला असतो. फोटो काढून ठेवा, बिलाबरोबर. स्टेशनजवळून सायकल गेली तर तक्रारीत तोच लागतो. कुलूप लावताना फ्रेम आणि चाक दोन्ही घेऊन पक्क्या खांबाला लावा, नुसतं चाक बांधलं तर चाकच राहतं.

माझं कार्ड मी घरी दाराच्या मागे लावलंय. सही करतो, तारीख टाकतो. मुलगी हसते, म्हणते, "बाबा, सायकलचं पण ऑडिट?" पण मागच्या महिन्यात तिच्या क्लासच्या सायकलची वॉल ट्यूब तिने स्वतःच बदलली, मला सांगितलंही नाही. कार्डावर तिची सही दिसली तेव्हा कळलं.

आज घरी गेलात की एकच करा. लिव्हर दाबा आणि ब्रेकच्या रबराच्या खाचा बघा. दिसल्या तर ठीक. नाही दिसल्या तर उद्या कामावर जायच्या आधी मिस्त्रीकडे.

पुढच्या भागात शिफ्ट ड्युटी आणि झोप याबद्दल बोलू. तोवर जपून चालवा. नमस्कार.